रिपोर्ट कार्डवर 'डेलिंक्वंट' लिहिलं आणि मुलाची आई रडत आली, आता काय करू?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मी सहावीच्या वर्गाला शिकवते, नोकरीचं पहिलंच वर्ष आहे. माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय, इंग्रजी वाचलं की कळतं पण लिहायचं म्हटलं की अडखळायला होतं. रिपोर्ट कार्डवर प्रत्येक मुलाबद्दल इंग्रजीत दोन ओळी लिहाव्या लागतात. सगळ्यांना 'नॉटी' नाहीतर 'स्टबर्न' लिहून कंटाळले म्हणून थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडला आणि त्यातले वेगवेगळे शब्द घेतले. एक मुलगा गणित स्वतःच्याच पद्धतीने सोडवतो, दुसरी पद्धत सांगितली तर ऐकत नाही, त्याला 'ऑब्स्टिनेट' लिहिलं. एक मुलगी एक दिवस भराभर उत्तरं देते आणि दुसऱ्या दिवशी तोंडच उघडत नाही, तिला 'कॅप्रिशस'. आणि एक जण तास चालू असताना जागेवरून उठतो, बाकीच्यांनाही उठवतो, नुसता गोंधळ, त्याला 'डेलिंक्वंट'. त्याची आई रिपोर्ट घेऊन आली, डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली माझ्या मुलाने गुन्हा काय केलाय ते तरी सांगा. तो शब्द इतका वाईट आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. आता मुख्याध्यापिकांनी तिन्ही रिपोर्ट परत लिहायला सांगितलेत आणि मला इतकी भीती बसलीय की सगळ्यांना सरसकट 'एनर्जेटिक' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. हट्टी, लहरी, दंगेखोर यांना इंग्रजीत बिनधोक शब्द कुठले? आणि त्या आईला तोंड कसं दाखवू?"
– एक शिक्षिका

अगं, आधी त्या आईचं बघू आणि मग शब्दांचं, कारण शब्द काय पुढच्या टर्मपर्यंत शिकता येतील, ती बाई मात्र आजही तोच कागद उघडून बसलेली असेल.

तिला तू स्वतःहून फोन कर. मुख्याध्यापिकांनी सांगितलं म्हणून नवा कागद हातात ठेवलाय असं तिला वाटायला नको. आणि बोलताना 'तुमचा गैरसमज झाला' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नकोस, तिचा काहीही गैरसमज झालेला नाही, तिने तो शब्द अगदी बरोबर वाचलाय. डेलिंक्वंटच्या लॅटिन मुळात 'कर्तव्यात कसूर करणं' एवढंच आहे, बँकवाले हप्ता थकलेल्या खात्यालासुद्धा डेलिंक्वंट म्हणतात, पण लहान मुलाला हा शब्द लावला की तो थेट पोलीस आणि कोर्टापर्यंत जातो. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळ्या कोर्टाचा कायदा केला, त्यात डेलिंक्वंट चाइल्ड म्हणजे कोण हे लिहूनच ठेवलं होतं, १६ वर्षांखालचं कायदा मोडणारं मूल. सव्वाशे वर्षं झाली, अर्थ तोच राहिलाय. तेव्हा तिला सरळ सांग की शब्द माझ्याकडून चुकीचा गेला, तुमच्या मुलाने गुन्हा वगैरे काही केलेलं नाही, तो तासाला जागेवर बसत नाही आणि त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं उठतात, मला लिहायचं होतं ते एवढंच. मग थांब आणि तिला बोलू दे. तो घरी बसतो का, कशापाशी बसतो, कुठल्या वेळी जास्त वळवळ करतो हे ती तुला तुझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट सांगेल.

आणि मुलाशीही बोल, हे विसरू नकोस. अकरा-बारा वर्षांचं पोर आहे, त्याने तो शब्द वाचला असणार किंवा आईला रडताना बघून कुणाला तरी विचारला असणार. टीचरनी आपल्याला गुन्हेगार लिहिलंय हे डोक्यात घेऊन तो रोज तुझ्यासमोर बसतोय. त्याला वर्गाबाहेर बाजूला घेऊन दोन मिनिटांत सांग, तो शब्द तुझा नाही, मी बदललाय. मोठी माणसं असं सांगत नाहीत म्हणून मुलांना ते फार दिवस लक्षात राहतं.

आता थिसॉरसचं. पहिला नावाजलेला इंग्रजी थिसॉरस पीटर मार्क रोजे या डॉक्टरने १८५२ मध्ये काढला, त्यात शब्द कल्पनांप्रमाणे लावलेले होते, म्हणजे ज्याला भाषा येते, मनात कल्पना आहे पण नेमका शब्द आठवत नाही, त्याला तो आठवावा म्हणून. ज्याला त्या शब्दांचे अर्थच माहीत नाहीत त्याच्यासाठी ती सोय कधी नव्हतीच. बरं, रोजेने निश्चय आणि हट्ट यांचे कप्पेसुद्धा वेगळे ठेवले होते. आत्ताच्या फुकट वेबसाइटवर स्टबर्न टाकलं की डिटर्मिन्डपासून पिगहेडेडपर्यंत सगळी रांग एका ओळीत येते आणि त्यातून चांगला दिसतो म्हणून एक उचलायचा म्हणजे औषधांच्या फळीवरून रंग बघून बाटली उचलण्यासारखं झालं. थिसॉरस वापर, पण शब्द निवडल्यावर तो डिक्शनरीत बघ, आणि खाली दिलेली वाक्यं वाच, नुसता अर्थ नको. तो शब्द कुणाबद्दल वापरतात हे त्या वाक्यांतच कळतं. डेलिंक्वंटची दोन वाक्यं वाचली असतीस तरी तुझा हात थांबला असता.

तू 'बिनधोक शब्द' मागितलेस. त्यात खरी अडचण ही आहे की इंग्रजीतले या जातीचे बहुतेक शब्द वागण्याचं वर्णन कमी करतात आणि बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे ते जास्त सांगतात. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या एका कार्यक्रमात हे एका ओळीत दाखवलं होतं, तिचं मराठी साधारण असं, मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकराच्या डोक्याचा मूर्ख आहे. वागणं तिघांचं एकच आहे गं. फर्म, ऑब्स्टिनेट, पिगहेडेड. स्वतःबद्दल बोलताना पहिला, समोरच्याला तोंडावर बोलताना दुसरा आणि जो हजर नाही त्याच्याबद्दल तिसरा. आणि रिपोर्ट कार्ड लिहिताना मूल हजर नसतं, म्हणून तिसऱ्या जातीचे शब्द आपसूक पेनात येतात.

हट्टीपणाचे शब्द घेऊ, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. स्टबर्न हा त्यातल्या त्यात साधा, रोजच्या बोलण्यातला, डागालासुद्धा स्टबर्न म्हणतात आणि न जाणाऱ्या खोकल्यालासुद्धा, आणि माणसाबद्दल तो कधीकधी कौतुकानेही येतो. ऑब्स्टिनेटमध्ये कौतुक जवळपास नाही, समजावून सांगितलं, पुरावा दाखवला, तरी हा हलत नाही, आणि याचं हे चुकतंय असं मी म्हणतोय, एवढं सगळं त्या एका शब्दात भरलंय. पिगहेडेड आणि म्युलिश हे प्राण्यांवरून आलेले, ते सरळ अपमान आहेत, लेखी कशातच नकोत. हेडस्ट्रॉंग म्हणजे दुसऱ्याचं न ऐकता स्वतःच्या मनाने पुढे जाणारा, यात घाई आणि धडक आहे, तर ऑब्स्टिनेटमध्ये जागेवरून न हलणं आहे, दोन्हींत दिशेचाच फरक आहे बघ. विलफुल जपून. कादंबऱ्यांत ते हट्टी मुलांसाठी येतं पण कायद्याच्या भाषेत विलफुल म्हणजे जाणूनबुजून केलेलं, त्यामुळे रिमार्कमध्ये लिहिलंस की मूल मुद्दाम त्रास देतं असा आरोप होतो, आणि मुद्दाम की कसं हे तुला कुठे माहितीय.

मग अ‍ॅडमंट. हा शब्द आपल्याकडे सर्रास स्वभावासाठी वापरतात, 'तो फार अ‍ॅडमंट आहे' असं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न फुटणारं, न वाकणारं, हिऱ्याचं इंग्रजी नावही त्याच मुळातून आलंय. पण बाहेरचं इंग्रजी वाचलंस तर अ‍ॅडमंट बहुतेक वेळा एखाद्या एका गोष्टीबद्दल येतं, अमुक एका मुद्द्यावर तो अ‍ॅडमंट होता, मी ते केलेलं नाही असं ती अ‍ॅडमंटली म्हणत राहिली. कायमचा स्वभाव म्हणून 'अ‍ॅडमंट मुलगा' हे आपल्याकडच्या इंग्रजीत चालतं, कुणाला खटकणार नाही, पण दुसऱ्या ठिकाणचा वाचणारा जरा थबकेल. असंच मूडीचं. आपण बोलताना मूडी म्हणजे मनाला येईल तसं करणारा, थोडासा कलाकार टाइप, असं म्हणतो, इंग्रजीत मूडी म्हणजे मुख्यतः घुम्या, चिडका, तोंड पाडून बसणारा. आणि 'नोटोरियस' कुणा मुलाला लिहू नकोस, प्लीज, शिक्षकांच्या बोलण्यात तो शब्द मस्तीखोर या अर्थाने फार फिरतो पण त्याचा अर्थ कुप्रसिद्ध.

रिकॅल्सिट्रंट, रिफ्रॅक्टरी, इन्ट्रॅन्सिजंट हे थिसॉरसमध्ये दिसले असतील. पहिल्याचं मूळ टाचेने मागे लाथ मारणाऱ्या जनावरात आहे, म्हणजे हुकूम धुडकावणारा. दुसरा मुख्यतः भट्टीच्या विटांना आणि उपचारांना दाद न देणाऱ्या आजारांना लावतात. तिसरा स्पेनच्या राजकारणातून आला, तडजोड नाकारणाऱ्या कडव्या गटाचं ते नाव होतं, आणि आजही वाटाघाटी, संप, युद्धबंदी अशाच बातम्यांत तो दिसतो. सहावीतल्या पोराचा यातल्या कशाशी संबंध नाही. रेस्टिव्ह मात्र एक गंमतीचा आहे म्हणून सांगते, तो आधी जागेवरून हलायला तयार नसलेल्या घोड्यासाठी होता आणि आता अस्वस्थ, चुळबुळ करणाऱ्यासाठी आहे, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा झाला. रेस्टलेस लिहायचं असेल तर रेस्टलेसच लिही.

आता तुझा गणितवाला मुलगा. त्याच्यासाठी शब्द शोधण्याआधी एक बघ, त्याच्या पद्धतीने उत्तर बरोबर येतं का? तू पत्रात ते लिहिलंच नाहीस आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. उत्तर बरोबर येत असेल आणि पायऱ्याही पटण्यासारख्या असतील तर तो ऑब्स्टिनेट अजिबात नाही, तो इंडिपेंडंट विचार करणारा आहे, आणि तुला ते मान्य करायला थोडं जड जाईल पण लिहायचं तेच. उत्तर चुकतं आणि तरी तो तसंच करतो असं असेल तर एकदा त्याला फळ्यापाशी बोलवून त्याची पद्धत त्याच्याच तोंडून ऐक. कित्येकदा मुलांना दुसरी पद्धत समजलेलीच नसते आणि समजली नाही हे सांगण्यापेक्षा 'मी असंच करणार' म्हणणं त्यांना सोपं वाटतं. बाहेरून दिसायला तो हट्टच दिसतो.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवराबायकोने १९५६ पासून १३३ मुलांचा बाळपणापासून पुढे कित्येक वर्षं अभ्यास केला होता. त्यांनी स्वभावाच्या ९ बाजू मांडल्या, त्यात एक होती चिकाटी, म्हणजे हातातलं काम मूल किती वेळ धरून ठेवतं, आणि दुसरी एक, बदल किती सहज स्वीकारतं. जास्त चिकाटी आणि बदलाला वेळ लागणं हे दोन्ही एकाच मुलात आलं की मोठ्यांना ते मूल हट्टी वाटतं. आणि त्यांचं मुख्य म्हणणं हे होतं की नुसता मुलाचा स्वभाव बघून काही ठरत नाही, तो स्वभाव आणि आजूबाजूच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही त्यावर पुढचं ठरतं. मला हे फार पटतं. तुझा मुलगा कदाचित अशा वर्गात असता जिथे तीन पद्धती चालतात, तर त्याच्या रिमार्कमध्ये 'पर्सिस्टंट' आला असता, आणि पोरगं तेच.

म्हणून पर्सिस्टंट, डिटर्मिन्ड, टेनेशस हे शब्द नुसते 'गोड' म्हणून नको वापरूस. ज्या मुलाला जमत नाही तरी परत परत प्रयत्न करतं त्याच्यासाठी ते ठेव.

लहरी या बाजूचे शब्द. कॅप्रिशस तुझ्या मुलीला का बसत नाही सांगते. हा शब्द इटालियन काप्रिच्चो, म्हणजे लहर, यावरून आलाय, आणि तो शोभतो ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला, मनात येईल तेव्हा नियम बदलणारा राजा, आज हो उद्या नाही म्हणणारा बॉस, नशीब, हवामान. अमेरिकेत १९४६ चा एक कायदा आहे, सरकारी खात्याचा निर्णय मनमानी किंवा कॅप्रिशस असेल तर कोर्ट तो रद्द करू शकतं, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे लहरीचा फटका दुसऱ्यांना बसतो, असं त्यात गृहीत आहे. तुझी मुलगी वर्गात गप्प बसते, कुणाचं काय वाईट करते? फिकल म्हणजे निष्ठा बदलणारा, मित्र, प्रेक्षक, प्रेम, त्यांच्याबद्दल. व्होलाटाइल मुळात उडून जाणाऱ्या द्रव्यासाठी, आता माणसाला लावला की हा कधी भडकेल सांगता येत नाही, जपून राहा, अशी सूचना आहे, आणि रिपोर्ट वाचणारी पुढची टीचर त्या मुलाकडे पहिल्या दिवसापासून घाबरून बघेल. मर्क्युरियल पाऱ्यासारखा, मूड झपाट्याने बदलणारा पण बुद्धीही चपळ, हा कलाकार, खेळाडू यांच्याबद्दल अर्ध्या कौतुकाने लिहितात, शाळेच्या रिमार्कमध्ये कशाला. एरॅटिक, म्हणजे कधी असं कधी तसं, हा मात्र कामाचा आहे, पण माणसाला न लावता कामाला लावायचा, अटेंडन्स एरॅटिक आहे, मार्क एरॅटिक आहेत. मूळ अर्थ भटकणं, हिमनद्यांनी वाहून आणून लांब भलत्याच ठिकाणी सोडलेल्या मोठ्या दगडांनाही भूगर्भवाले एरॅटिक म्हणतात. त्याहून सौम्य हवा असेल तर इन्कन्सिस्टंट.

पण मला या मुलीच्या बाबतीत शब्दापेक्षा दुसरंच खटकतंय. अनप्रेडिक्टेबल म्हणजे पुढे काय होईल ते सांगता येत नाही, आणि ते कुणाला सांगता येत नाही? तुला. तिला स्वतःला कदाचित नीट माहीत असेल की कुठल्या दिवशी आपण का गप्प असतो. वर सांगितलेल्या अभ्यासातही नियमितपणा हा एक गुण धरला होता, पण तो भूक, झोप असल्या गोष्टींचा, काही मुलांच्या या वेळा घड्याळासारख्या असतात आणि काहींच्या नसतात. तेव्हा महिनाभर एका वहीत नुसतं लिही, आज बोलली, आज नाही बोलली, कुठला तास, आदल्या तासाला काय झालं, बाजूला कोण बसलं होतं. निष्कर्ष काढू नकोस, नोंद कर. कदाचित काही निघणार नाही. पण एखाद वेळी असं दिसतं की मोठ्याने वाचायचं असतं त्याच दिवशी ती गप्प असते, किंवा एका ठरावीक मुलीशेजारी बसली की. आणि काहीच न सापडता ती दिवसेंदिवस जास्त मिटत चालली असेल तर शाळेच्या समुपदेशकांना सांग, रिमार्कमध्ये लिहून हा प्रश्न सुटण्यातला नाही.

दंगेखोर गटात तुला निवडायला सगळ्यात जास्त वाव आहे. बॉइस्टरस म्हणजे आवाज, उड्या, उत्साह, आणि मनात वाईट काही नाही, आईबापांना वाचून हसू येईल असा शब्द. रॅमबंक्शस त्याचाच अमेरिकन भाऊ, बोलण्यात छान, रिपोर्टात जरा सैल. अनरूली म्हणजे नियमात न बसणारं, तो केसांनाही लावतात, जमावालाही, आणि विमानात गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांसाठी तर तो अधिकृत शब्द आहे, त्यामुळे एका मुलाला लावला की कडक वाटतो, 'वर्ग अनरूली झाला' हे त्या मानाने चालेल. रावडी म्हणजे भांडकुदळ गोंगाट, हूलिगन म्हणजे गुंड, दोन्ही बाद. डिसओबिडियंट म्हणजे सांगितलेलं ऐकत नाही, आणि डिफायंट म्हणजे तोंडावर ठणकावून ऐकत नाही, आव्हान देतो. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला डिफायंट म्हटलं की तो सन्मान होतो, पण मुलांच्या बाबतीत त्या शब्दाला वैद्यकीय वासही आहे, ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर नावाचं एक निदान आहे आणि ते करायला तज्ज्ञ लागतो, किमान ६ महिने ठरावीक लक्षणं दिसावी लागतात. शिक्षिकेने ऑपोझिशनल, हायपरॅक्टिव्ह, असे शब्द सहज म्हणून लिहू नयेत, पालक ते घेऊन घाबरून डॉक्टरकडे जातात नाहीतर तुझ्यावर भडकतात, दोन्हींत नुकसान मुलाचंच होतं.

राहिला डिसरप्टिव्ह. शाळेत हाच शब्द सगळ्यात नेमका, कारण तो मुलाच्या मनात काय आहे यावर काही बोलत नाही, बाकीच्यांचं काम अडतं एवढंच म्हणतो. आणि हाच शब्द १९९५ नंतर क्लेटन क्रिस्टेन्सेन या हार्वर्डच्या प्राध्यापकाच्या लिखाणामुळे कंपन्यांच्या जगात कौतुकाचा झाला, डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी, डिसरप्टिव्ह आयडिया. मॅव्हरिकचंही तसंच, टेक्सासमधल्या सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या वकील-जमीनदाराने आपल्या गुरांवर डाग दिले नाहीत, म्हणून बिनडागाच्या गुरांना मॅव्हरिक म्हणू लागले आणि पुढे कळपात न राहणाऱ्या माणसालाही. मोठ्या माणसाने नियम मोडून काही करून दाखवलं की त्याला मॅव्हरिक म्हणायचं आणि मुलाने मोडला की अनरूली, हे मला वाचताना दरवेळी टोचतं.

त्याहून जास्त टोचतं ते मुलींचं. तोच आवाज, तोच 'नाही' म्हणण्याचा सूर, मुलगा असेल तर लीडरशिप क्वालिटीज आणि मुलगी असेल तर बॉसी किंवा हेडस्ट्रॉंग. लिहून झालं की एकदा मुलाच्या जागी मुलगी आणि मुलीच्या जागी मुलगा ठेवून तीच ओळ वाचून बघ. वाचताना अडलीस तर शब्द बदल.

सगळ्यांना एनर्जेटिक लिहू का म्हणतेस, तर नको. पालक काही भोळे नसतात, चार रिपोर्ट वाचले की त्यांना कळतं की एनर्जेटिक म्हणजे दंगा, स्पिरिटेड म्हणजे उद्धट आणि 'मतं ठाम आहेत' म्हणजे डोकं खातो. मग शब्दही वाया जातो आणि ज्या आईला खरोखर सांगायला हवं होतं की तुमच्या मुलाला बसायला त्रास होतोय, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. तू ज्या मुलाला मदत करू शकली असतीस त्याचं एक वर्ष त्या गोडव्यात जातं. याला मी दयाळूपणा म्हणणार नाही.

लिहायचं कसं, तर 'तो असा आहे' याऐवजी 'तो हे करतो, अमुक वेळी' असं लिही. आहे लावलं की शिक्का बसतो, आणि रिपोर्ट फाईलला राहतो, पुढच्या वर्षीची टीचर तो वाचूनच वर्गात येते. आधी मराठीत लिही, अगदी घरी बोलतेस तसं, मग इंग्रजी कर, तुझं इंग्रजी साधं आहे त्याची अजिबात लाज बाळगू नकोस, या कामाला साधंच इंग्रजी लागतं. दंगा करणाऱ्यासाठी समजा, 'लांब तासात त्याला जागेवर बसणं अवघड जातं आणि त्यामुळे शेजारच्यांचं लक्ष जातं, काम हाताने करायचं असेल तेव्हा तो पूर्ण वेळ गुंततो.' यातलं दुसरं वाक्य खरं असेल तरच, नाहीतर त्याचं जे खरं असेल ते. गणितवाल्याला, 'प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही, दुसरी पद्धत करून बघायला अजून तयार होत नाही.' मुलीला, 'ज्या दिवशी बोलते त्या दिवशी तिची उत्तरं विचारपूर्वक असतात, रोज बोलावं यासाठी आम्ही तिच्याबरोबर प्रयत्न करतोय.' आणि हे लिहिलंस की प्रयत्न खरोखर करावा लागेल हं. या तिन्हींत हट्टी, लहरी, दंगेखोर यातला एकही शब्द आला नाही बघ, तरी घरच्यांना सगळं कळतंय.

आणि हो, विशेषण लावावंसं वाटलंच तर त्याला वेळेचं किंवा जागेचं बंधन घाल. नुसतं स्टबर्न लिहिण्यापेक्षा 'गटात काम करताना कधीकधी स्टबर्न होतो' यात मुलाला श्वास घ्यायला जागा राहते, आणि तुझं म्हणणंही जास्त खरं होतं, कारण चोवीस तास हट्टी असं मूल मी तरी अजून बघितलेलं नाही.

मुख्याध्यापिकांकडे नवे रिपोर्ट दिलेस की ऑफिसात एक विचारून घे, जुन्या तिन्ही कॉपी फाईलमधून आणि कॉम्प्युटरमधून काढल्या का, की नुसती नवी वर लावलीय. डेलिंक्वंट लिहिलेला कागद खाली तसाच राहिला तर कधीतरी तो कुणाच्या तरी हाती लागेल, आणि त्या आईला फोनवर शब्द बदलला असं सांगण्याआधी हे पक्कं झालेलं बरं.

– ताई